तानूबाईच्या पत्र्यावरची शेवंती

तानूबाई कांबळे नागाळा पार्कातल्या इंगवल्यांच्या बंगल्यावर बागकामाला लागली ती नव्वद सालच्या जूनमध्ये. पहिल्याच आठवड्यात तिनं त्या घराविषयी आपलं मत बनवलं, आणि पुढच्या अकरा वर्षांत ते बदलावं असं त्या घराकडून काहीही घडलं नाही.

मत साधं होतं. ह्या लोकांना फूल पाहिजे असतं, झाड नको असतं.

"झाड म्हंजे त्यास्नी फुलाची दांडी वाटती," असं ती नवऱ्याला सांगायची. नवरा, आकाराम, इचलकरंजीत मागावर होता. आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा तेव्हा त्याच्या कानात मागांचा खडखडाट एवढा भरलेला असायचा की बायकोचं निम्मं बोलणं त्याला ऐकूच यायचं नाही. म्हणून ती मोठ्यानं बोलायची. तशी ती सगळ्यांशीच मोठ्यानं बोलायची, पण नवऱ्याशी बोलताना तिला निमित्त होतं.

माहेर राधानगरीकडचं. सातवीपर्यंत शाळा झालेली. लग्न होऊन कोल्हापुरात आल्यावर चार वर्षं तिनं एका रोपवाटिकेत प्लास्टिकच्या पिशव्यांत माती भरली. माती भरता भरता शेजारी कलमं कशी बांधतात, छाटणी कुठल्या डोळ्यावर करतात, हे सगळं तिनं कुणालाही न विचारता शिकून घेतलं. विचारलं असतं तर कुणी सांगितलं नसतं, हे तिला माहीत होतं.

बंगल्याच्या मालकीणबाई पूर्णिमाताई तिच्याहून सहा वर्षांनी लहान, पण पहिल्या दिवसापासून तिला "तानू" म्हणायच्या, आणि पाहुण्यांसमोर "आमची माळीण". पहिल्यांदा ते कानावर पडलं तेव्हा तानूबाईनं खुरपं खाली ठेवलं आणि सांगितलं, "माळीण न्हाय मी, वैनीसाब. मी कांबळे. बौद्ध. काम बागंचं करते, एवढंच." पाहुणीचा चहाचा कप ओठाशी थांबला. पूर्णिमाताई ओशाळं हसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा "आमची माळीण" सुरू.

त्या घरातल्या फुलांचाही एक कायदा होता. पूर्णिमाताईंच्या सासूबाई, धोंडुबाई, देवाची फुलं स्वतः तोडायच्या. गुडघे धरले की मात्र फुलं तानूबाईनं तोडायची, कट्ट्यावर ठेवायची आणि चार पावलं मागं सरायचं. मग म्हातारी तांब्यातलं पाणी फुलांवर शिंपडून ती परडीत घ्यायची. तानूबाई कमरेवर हात ठेवून हा सोहळा बघत राहायची. ह्याच फुलाची कळी हरभऱ्याएवढी असताना तिनं बोटांत धरून तपासलेली असायची, शेजारच्या चार कळ्या खुडून हिला वाढायला जागा केलेली असायची, मावा पडला तर एकेक पान ओल्या फडक्यानं पुसलेलं असायचं.

"धा बोटं लागल्यात त्या फुलाला जल्मापासनं," ती घरी येऊन लेकीला, रूपालीला, म्हणायची. "आन् म्हातारी शेवटाला चार थेंब पाणी मारती. देव काय आंधळा हाय व्हय? त्याला दिसत न्हाई त्ये हिला दिसतंय!"

आणि मग दोघी मायलेकी पोट धरून हसायच्या. वसाहतीतल्या त्या दोन खोल्यांत इंगवल्यांच्या बंगल्याइतकं करमणुकीचं दुसरं साधन नव्हतं. टीव्ही होता, पण त्याचं चित्र हलायचं.

कोल्हापूरची थंडी ती केवढी! दिवाळी झाली की पहाटे शाल घ्यावीशी वाटते आणि दुपारी बारा वाजता तीच शाल कुठं फेकू असं होतं. पण एवढ्याशा थंडीवर नागाळा पार्कातल्या बायकांचा जीव. पिटुनिया, पॅन्सी, ॲस्टर, फ्लॉक्स, ताटाएवढा डेलिया. आणि सगळ्यात वर शेवंती. कारण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या 'फुलोरा उद्यान मंडळा'चं पुष्पप्रदर्शन भरायचं, आणि त्यात शेवंतीचा कप हा कपांचा राजा होता.

शेवंती म्हणजे वर्षभराची चाकरी. बहर संपला की झाड बुडापासून छाटायचं. मुळाशी जे फुटवे येतात ते उन्हाळाभर जगवायचे. पाऊस लागला की कुंडीत लावायचे. मग शेंडा खुडायचा, फांद्या फुटल्या की त्यांचेही शेंडे खुडायचे. कळ्या आल्या की एका दांडीला एक ठेवून बाकीच्या काढायच्या. ज्याला खुडायची दया येते त्यानं शेवंती लावू नये. तानूबाईला दया येत नसे. इंगवल्यांच्या बागेतली पांढरी शेवंती तिनंच माहेराहून, आईच्या घरामागच्या परड्यातून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली. बशीएवढं फूल व्हायचं तिचं, पाकळ्या आत वळलेल्या, हाताला थंड.

ह्या शेवंतीवर पूर्णिमाताईंनी लागोपाठ आठ वर्षं कप घेतला.

प्रदर्शनात कुंड्यांच्या पुढं पूर्णिमाताई उभ्या असायच्या, पैठणी नेसून. कुंड्यांच्या मागं तानूबाई, झारी घेऊन. बघायला आलेल्या बायका विचारायच्या, "कसं हो जमतं तुम्हांला?" पूर्णिमाताई म्हणायच्या, "पहाटे उठून स्वतः शेंडे खुडते मी. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही." त्या हातांच्या नखांना गुलाबी पॉलिश असायचं आणि त्या नखांखाली आठ वर्षांत मातीचा एक कण गेला नव्हता. एकदा परीक्षकांनी, ते शेतकी कॉलेजातले निवृत्त मास्तर होते, त्यांनी विचारलं, "शेंडा कितीदा खुडला, बाईसाहेब?" पूर्णिमाताईंनी हळूच मान मागं वळवली.

"दोनदा," तानूबाई झारीमागून म्हणाली.

"दोनदा," पूर्णिमाताई म्हणाल्या. मास्तरांनी वहीत लिहिलं. पूर्णिमाताईंच्या नावापुढं.

त्या दिवशी संध्याकाळी तानूबाई हसली नाही. आकारामनं विचारलं तर म्हणाली, "मला एकदा त्या बक्षिसाच्या कार्डावर माजं नाव बगायचंय. कप नको. फक्त नाव."

"कशाला बाई वाकडं घेतीस मोठ्या लोकांशी?" आकाराम म्हणाला.

"वाकडं न्हाई. सरळच घेणार हाय."

तेव्हापासून तिनं घराच्या पत्र्यावर, म्हणजे दोन खोल्यांच्या छपरावर, डबे ठेवायला सुरुवात केली. गोड्या तेलाचे रिकामे डबे, बुडाला खिळ्यानं भोकं पाडलेले. आईच्या परड्यातल्या त्याच शेवंतीचे फुटवे. पहिल्या वर्षी डबे खाली, म्युनिसिपालटीच्या दिव्याच्या खांबाशी ठेवले होते, तर खांबाजवळचे डबे नुसते पानांनी माजले आणि लांबचे फुलले. तिला कळेना. मग कुणा पोरानं बॉलनं तो बल्ब फोडला. म्युनिसिपालटीनं दोन महिने नवा बसवला नाही, आणि त्या दोन महिन्यांत खांबाजवळच्या डब्यांनाही कळ्या आल्या. तेव्हा तिला उमगलं, की शेवंतीला पुरा अंधार लागतो. रात्री उजेड दिसला की तिला वाटतं अजून दिवस मोठाच आहे, फुलायची वेळ झाली नाही. तानूबाईनं डबे पत्र्यावर चढवले, खांबाकडच्या बाजूला गोणपाटाचा आडोसा बांधला, आणि ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवली.

दोन हजार एकच्या सप्टेंबरच्या सुरुवातीला इंगवल्यांचा मुलगा पृथ्वीराज विलायतेहून सुट्टीला आला. त्यानं आईसाठी बॅगेत, मोज्यात गुंडाळून, एक झाड आणलं. हेलेबोर. तिकडं ते बर्फात फुलतं म्हणे, ऐन नाताळात, आजूबाजूला दुसरं काही फुलत नसताना. गडद हिरवी, जाडसर, पंजासारखी पानं. बाकी काही नाही.

पूर्णिमाताईंचा आनंद बंगल्यात मावेना. दोन दिवसांत मंडळाच्या सगळ्या बायकांना चहाला बोलावून त्यांनी जाहीर केलं, की यंदाच्या प्रदर्शनात बर्फातलं फूल. कोल्हापुरात पहिल्यांदा. बायकांनी तोंडात बोटं घातली. एका छोट्या साप्ताहिकात बातमीही आली, पूर्णिमाताईंच्या फोटोसकट. झाडाचा फोटो नव्हता. झाडात फोटो काढण्यासारखं काही नव्हतंच.

"तानू, ह्याला थंडी लागते," पूर्णिमाताई म्हणाल्या.

"किती?"

"बर्फ पडतो तिकडं."

तानूबाईनं आभाळाकडं बघितलं. ऊन असं होतं की फरशीवर पाय ठेववत नव्हता. "मग हितं कसं जगायचं वो त्ये? त्येला का आणलं धाकल्या साहेबांनी?"

"तुला काय कळतंय त्यातलं!" पूर्णिमाताई म्हणाल्या, आणि त्याच दिवसापासून बंगल्यावर बर्फ येऊ लागला.

ड्रायव्हर गुंडू रोज सकाळी जीप घेऊन बर्फाच्या कारखान्यावर जायचा आणि भुश्यात गुंडाळलेली लादी आणायचा. लादी फोडून तिचे तुकडे हेलेबोरच्या बुडाभोवती रचायचे. दहा वाजेपर्यंत त्याचं पाणी व्हायचं. पुन्हा तुकडे. दुपारपर्यंत कुंडीत चिखल. गुंडू बिचारा बर्फानं बधिर झालेली बोटं काखेत घालून बसायचा.

"तानाक्का, ह्ये झाड जगंल काय गं?" त्यानं एकदा विचारलं.

"माशाला बर्फात ठेवत्यात. जगतोय का?"

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण विलायती झाड कुणी पळवून नेलं तर? हंबीरराव इंगवले, घराचे मालक, ज्यांना बागेतला झेंडू आणि ॲस्टर यांतला फरक कधी कळला नव्हता, त्यांनी ह्या बाबतीत मात्र जातीनं लक्ष घातलं. पोर्चवर पाचशे वॅटचा हॅलोजन बसला. संध्याकाळी सातला लागायचा, सकाळी सहाला विझायचा. हेलेबोरवर उजेड. आणि पोर्चसमोर भिंतीकडेनं ओळीनं मांडलेल्या शेवंतीच्या साठ कुंड्यांवरही उजेड.

तानूबाईला दुसऱ्या दिवशी सकाळी तो दिवा दिसला. ती थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेली.

"वैनीसाब, त्यो दिवा काढा. न्हाईतर शेवंती मागं हलवूया, विहिरीकडं. शेवंतीला रात पायजे. उजेड असला तर कळी धरायची न्हाय ती."

पूर्णिमाताई मंडळातल्या एका मैत्रिणीशी फोनवर बोलत होत्या. रिसीव्हरवर हात न ठेवताच त्या हसल्या. "ऐकलंस का? आमच्या माळणीचं म्हणणं, उजेडात शेवंतीला झोप लागत नाही!" फोनमधूनही हसू ऐकू आलं. मग तानूबाईला म्हणाल्या, "अगं, उजेडानं झाडं वाढतात. शाळेत शिकवतात हे."

"वाढत्यात की. नुसतीच वाढत्यात."

तिनं आणखी दोनदा सांगितलं. एकदा तर न विचारता वीस कुंड्या विहिरीकडं नेऊन ठेवल्या. पूर्णिमाताईंनी त्या गुंडूकरवी परत आणवल्या, पोर्चमधून दिसायला ओळ पुरी पाहिजे म्हणून. त्यानंतर तानूबाईनं तोंड मिटलं.

"तीनदा सांगितलं," ती रूपालीला म्हणाली. "चौथ्यांदा सांगायला मी काय रेडिओ हाय?"

ऑक्टोबरच्या शेवटाला हेलेबोरची पानं काळी पडली. तानूबाईनं बोटानं दांडी हलवली तर ती मुळासकट हातात आली. खालून कुजकट वास. पूर्णिमाताईंनी नाकाला पदर लावला, दांडी परत मातीत रोवायला लावली आणि गुंडूला ताकीद दिली, की बर्फ बंद करायचा नाही. चहाला आलेल्या बायकांना त्या सांगू लागल्या, "सध्या विश्रांती घेतंय ते. थंडी वाढली की वर येईल." बायका माना हलवायच्या. काळ्या दांडीकडं बघून एकीनं "किती वेगळं आहे नाही!" असंही म्हटलं. शेजारच्या कुंड्या पुसता पुसता तानूबाईच्या हातातलं फडकं थांबलं. इतकी वर्षं ती ह्या बायकांना फक्त आळशी समजत होती.

आणि साठ कुंड्या शेवंतीच्या? हिरव्यागार, कमरेएवढ्या, तुकतुकीत. कळी एक नाही. डिसेंबर लागला तरी नाही.

पत्र्यावरचे बारा डबे मात्र कळ्यांनी लगडले होते. ह्याच वेळी रूपालीनं, जी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, प्रदर्शनाचा छापील कागद घरी आणला आणि मोठ्यानं वाचला: 'शहरातील कोणाही हौशी नागरिकास भाग घेता येईल.'

"हौशी," तानूबाई म्हणाली. "पुन्यांदा वाच."

रूपालीनं पुन्हा वाचलं. मग फॉर्म भरला.

मंडळाचे सेक्रेटरी दादासो नलवडे हे गृहस्थ फॉर्म हातात घेऊन बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "पण बाई, तुम्ही तर इंगवल्यांकडं कामाला. तुम्ही पगारी. हौशी कशा?"

"वैनीसाबांच्या बागंत पगारी," तानूबाई म्हणाली. "माझ्या पत्र्यावर मला कोण पगार देतंय? त्यो देणारा दाकवा, मी आत्ता फॉर्म मागं घेते."

"बागेचं नाव काय लिहू? इथं रकाना आहे."

"बाग न्हाई. पत्रा हाय. पत्रा लिवा."

नलवड्यांनी रकाना कोरा ठेवला आणि अर्ज घेतला, एकतीस नंबरचा. घेतला कारण नाही म्हणायला नियम सापडेना.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी वसाहतीत जीप आली. गुंडू उतरला, पण त्याच्यामागून पूर्णिमाताईही उतरल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा. चिखल चुकवत, निऱ्या धरून, त्या दारापर्यंत आल्या आणि वर पत्र्याकडं बघत राहिल्या. बशीएवढी पांढरी फुलं, चाळीसेक तरी.

"तानू," त्या म्हणाल्या, "ही आपलीच शेवंती गं."

"माझ्या आईची हाय, वैनीसाब. बसा की. च्या टाकते."

"चहा नको. गुंडू, डबे उतरव."

गुंडू जागचा हलला नाही. पत्र्याला टेकलेल्या शिडीच्या खालच्या पायरीवर तानूबाई जाऊन बसली होती.

"कुनाचे डबे?" तिनं विचारलं.

"हे बघ, माझा ह्या वर्षी अपमान होईल. लोक काय म्हणतील? कुंड्यांत हलवून नेऊ. खाली तुझं नाव लिहीन मी. कंसात. माळी म्हणून."

"कंसात."

"मग काय, माझ्या वर?"

"न्हाई. तुमच्या शेजारीबी नको. माझ्या फुलावर माजं, तुमच्या फुलावर तुमचं. तुमच्या साठ कुंड्या हायत की. न्या."

"त्यांना कळी नाही हे तुला माहितेय!"

"मला सप्टेंबरातच म्हाईत हुतं. तुमास्नीबी सांगितलं हुतं."

पूर्णिमाताईंचा चेहरा लाल झाला. आजूबाजूला चार बायका, दोन म्हातारे, एक कुत्रं जमा झालं होतं. "उद्यापासून बंगल्यावर येऊ नकोस," त्या म्हणाल्या.

"बरं," तानूबाई म्हणाली.

आत आकाराम सुट्टीला आलेला होता. 'येऊ नकोस' हे दोन शब्द त्याला नेमके ऐकू आले. तो कपाळाला हात लावून बसला. जीप गेल्यावर तानूबाईही जरा वेळ शिडीवर बसून राहिली. अकरा वर्षांचं बांधलेलं काम गेलं होतं, रूपालीचं कॉलेज होतं. मग उठून ती पत्र्यावर चढली आणि पिवळी पडलेली पानं काढू लागली. नाव येणार असेल तर उद्याच, आणि पानं आजच काढायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी टेंपोतून डबे मंगल कार्यालयाच्या हॉलात गेले. मास्तर परीक्षक आले, टेबलांवरून फिरले. एकतीस नंबरसमोर ते थांबले, चष्मा वर केला, फुलाखाली बोट घालून दांडी बघितली. "शेंडा कितीदा खुडला?"

"दोनदा," तानूबाई म्हणाली. आज ती डब्यांच्या पुढं उभी होती.

मास्तरांनी तिच्याकडं नीट बघितलं. तो आवाज त्यांनी कुठंतरी ऐकला होता. त्यांनी वहीत लिहिलं.

संध्याकाळी बक्षीस समारंभ. प्रमुख पाहुणे, हारतुरे, माइकची खरखर. नलवडे एकेक प्रमाणपत्र उचलून नाव वाचत होते. डेलिया झाला, गुलाब झाला. "आणि आता ज्याची आपण सगळे वाट बघतो, तो शेवंती विभाग! प्रथम क्रमांक, सौभाग्यवती पूर्णिमाताई हंबीरराव इंगवले!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि पूर्णिमाताई उठल्या.

ह्या बाईंची शेवंतीची एकही कुंडी त्या हॉलात नव्हती. टेबलावर त्यांच्या नावाचं होतं ते एवढंच, काळी दांडी असलेली एक कुंडी, 'हेलेबोर, विश्रांत अवस्था'. तरी त्या उठल्या, पदर सारखा केला, पैठणीच्या निऱ्या झटकल्या आणि व्यासपीठाकडं चालू लागल्या. आठ वर्षांची सवय. नाव पुकारलं की जायचं, कशाबद्दल ते विचारायचं नसतं. अर्ध्या वाटेवर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या खुर्च्यांच्या दोन ओळींमध्ये तशाच थांबल्या. ना पुढं, ना मागं.

झालं होतं असं, की बाकीची प्रमाणपत्रं नलवड्यांनी पेंटरकडून दुपारी, निकाल लागल्यावर लिहून घेतली, पण शेवंतीचं आठवडाभर आधीच लिहून ठेवलं होतं. शेवंतीचं नाव विचारायचं कारणच नव्हतं. दरवर्षी तेच तर असायचं.

"नंबर काय हाय?" मागून आवाज आला. माइक नसताना तो हॉलभर गेला. "मास्तर, वहीत नंबर काय लिवलाय?"

मास्तर उठले. "एकतीस," ते म्हणाले. "श्रीमती तानूबाई कांबळे."

हॉलभर कुजबुज सुरू झाली. नलवडे घाम पुसत माइकपासून लांब झाले आणि तानूबाईला म्हणाले, "चूक झाली, मावशी. असं करू, कप घ्या तुम्ही. ताईपण येऊ द्यात वर, दोघींचा एकत्र फोटो घेऊ. प्रमाणपत्राचं नंतर बघू."

"नंतर कधी?"

"उद्या-परवा. पेंटर गेलाय घरी."

तानूबाई व्यासपीठावर चढली. कप टेबलावर होता, तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. "पेंटरला बोलवा," ती म्हणाली. "मी थांबते." आणि पाहुण्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली.

पाऊण तास समारंभ थांबला. पेंटर शाहूपुरीत राहायचा, त्याला आणायला माणूस स्कूटरवरून गेला. प्रमुख पाहुण्यांनी दोनदा घड्याळ बघितलं, एकदा भडंग खाल्लं. पुढच्या रांगेतल्या बायका पंख्यासारखे रुमाल हलवत एकमेकींना म्हणत होत्या, "काय हा हट्ट! एवढं काय आहे त्या कागदात?" ज्यांच्या भिंतीवर असे वीस-वीस कागद काचेत लावलेले होते, त्या हे विचारत होत्या. पूर्णिमाताई केव्हा निघून गेल्या ते कुणी बघितलं नाही. रूपाली खाली उभी होती, तिचे कान लाल झाले होते, पण ती हलली नाही. आकाराम दाराशी होता. मास्तर आपली खुर्ची उचलून तानूबाईजवळ आले आणि खताचं विचारू लागले. ती सांगत होती, शेण किती, राख किती. मधूनच दाराकडं बघत होती.

पेंटर आला, जेवणावरून उठवल्यामुळं वैतागलेला. कोरं प्रमाणपत्र एकच शिल्लक होतं. त्यानं टेबलावर डबी उघडली, ब्रश ओला केला. "नाव?"

तिनं सांगितलं. सावकाश, तिन्ही शब्द.

"जागा बरीच हाय. अक्षर मोठं काढू?"

"वैनीसाबांचं जेवढं काढलंतासा तेवढंच," तानूबाई म्हणाली. "मोठं नको. बारीकबी नको."

ती वाकून ब्रश बघत राहिली. त्या काळ्या रेघेवरून तिची नजर, कळ्या निवडताना फिरते तशी, कानामात्रा तपासत फिरली. तानूबाई आकाराम कांबळे. झालं. पेंटरनं फुंकर मारली. "वाळायला येळ लागंल. घडी घालू नगासा. कशाला लागू दिऊ नगासा."

कप रूपालीनं काखेत मारला. टाळ्या वाजल्या त्या थोड्या आणि विस्कळीत, पण तानूबाईचं तिकडं लक्ष नव्हतं. प्रमाणपत्र दोन्ही तळव्यांवर आडवं धरून ती पायऱ्या उतरली. दाराशी निघणाऱ्यांची गर्दी झाली होती. मंडळाच्या बायका घोळक्यानं उभ्या, गाड्यांची वाट बघत, दार अडवून.

"सरका की जरा," तानूबाई म्हणाली, "रंग वला हाय."

आणि नागाळा पार्कातल्या बायकांनी आपापले पदर गोळा करून, भिंतीला पाठ लावून, तिला वाट करून दिली.